मंडळीचा कारभारी

आमच्या तांड्यात कारभारी म्हणजे नायकाच्या शेजारी बसणारा माणूस. त्यानं बोलायचं आणि बाकीच्यांनी माना हलवायच्या. त्यामुळे आमच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत पाळकांनी "तुम्ही सगळे देवानं दिलेल्या दानांचे कारभारी आहात" असं सांगितलं, तेव्हाच पुढचा घोळ मला दिसला. शास्त्रातला कारभारी म्हणजे मालकाची वस्तू सांभाळणारा चाकर. आमच्या पुरुषांच्या कानात शिरला तो तांड्यातला. पुढच्याच बैठकीत त्यांनी सगळ्या दानांवर मिळून एक कारभारी नेमून टाकला.

तो माझा चुलतभाऊ. देवानं त्याला देताना हात आखडला नाही. गळा आहे, पेटी वाजवता येते, माईक बिघडला तर दुरुस्त करतो, आणि प्रार्थनेला उभा राहिला की समोरच्याला रडवतो. हे सगळं खरं आहे आणि ते मी कधी नाकारलं नाही. पण आता तो पेटीवर बसला की मला शिसारी येते आणि मी खिडकीबाहेर बघते.

माझ्या धाकट्या बहिणीला देवानं एकच काम दिलं. लहानपणी तापात तिचे कान गेले, म्हणून बोलणं आलं नाही, आणि शाळेनं तिला घेतलं नाही. याडी, म्हणजे आमची आई, गेल्यापासून प्रभुभोजनाची भाकर तीच करते. मंडळीत म्हणायचं भाकर, पण असते गव्हाची, बिनखमिराची, जाड आणि तव्यावर हलक्या हातानं भाजलेली. आदल्या दिवशी ती न्हाते, चूल सारवते आणि मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही. महिन्यातून एका रविवारी पाळक ती भाकर मोडून सगळ्यांना देतात तेव्हा ती पहिल्या रांगेत बसून त्यांच्या हाताकडे बघत असते. गाणं नाही, उपदेश नाही, तिला उपासनेतलं तेवढंच कळतं आणि तेवढं तिला पुरतं.

नागपूरहून पाहुणे उपदेशक येणार होते तेव्हाची गोष्ट. मी आठवडाभर राळेगावला मुलीकडे होते, शनिवारी रात्री परतले. सकाळी बहीण स्वच्छ फडक्यात भाकर गुंडाळून माझ्या पुढे चालत होती. दारातच कारभाऱ्यानं ती तिच्या हातातून हसत घेतली आणि स्वयंपाकाच्या बायांकडे देऊन टाकली. आत मेजावर आर्णीच्या बेकरीतला पाव होता, कडा काढून, कात्रीनं चौकोनी तुकडे केलेला. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं.

"ग्रुपवर टाकलं होतं ना ताई. अन् मागच्या रविवारी माईकवरही सांगतलं. पाहुण्यासमोर बरं दिसलं पाह्यजे."

मी म्हटलं, "माईकवर? तिले?"

"आता घरोघरी जाऊन सांगू काय?" म्हणाला आणि पेटीकडे गेला.

बहिऱ्या बाईला माईकवर सांगितलं, अक्षर न येणारीला ग्रुपवर लिहिलं, आणि वर आपण कळवलं याचं समाधान. बरं, पाव खमिराचा. बेखमीर भाकर का, यावर याच माणसानं मागे अर्धा तास उपदेश केला होता. बरं दिसायची वेळ आली की शास्त्रही कात्रीनं कापता येतं.

पाहुण्यांनी उपदेशाला नेमका दाखला घेतला तो मालकानं चाकरांना वापरायला दिलेल्या पैशांच्या थैल्यांचा. कोणाला पाच, कोणाला दोन, कोणाला एक. माणूस चांगला होता, त्याला काही माहीत नव्हतं. देव सगळ्यांना सारखं देत नाही, पण हिशेब सगळ्यांकडून घेतो, असं त्यानं समजावलं आणि एक थैलीवाला आपली थैली न वापरता जमिनीत कशी पुरतो ते दोन्ही हातांनी माती लोटून दाखवलं. कारभारी सगळ्यात मोठ्यानं आमेन म्हणाला. दाखल्यातल्या त्या चाकरानं निदान स्वतःची थैली पुरली होती. इथे पाचवाल्यानं एकवालीची पुरली होती आणि वर उभं राहून तो आमेन म्हणत होता.

ताट फिरत आलं तेव्हा बहिणीनं पावाचा तुकडा उचलला, दाबून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि खाल्ला. उपासनेनंतरच्या जेवणात तिचीच भाकर वांग्याच्या भाजीबरोबर पानात आली. कारभाऱ्यानं दोनदा मागून घेतली, लांबूनच तिला छान म्हणून अंगठा उंचावून दाखवला, आणि ती लाजून हसली.

घरी आल्यावर तिनं दोन्ही हातांनी माती लोटल्याची खूण केली आणि भुवया उंचावल्या. कोण मेलं, असं विचारत होती. मी मान हलवून कोणी नाही म्हटलं.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत पाव कायम झाला. पाहुण्यांना आवडला म्हणे. पाळकांनी तसं वहीत लिहून घेतलं. मी भांडले, तर सेवेत मानपान आणू नका, असं मलाच ऐकवलं.

त्या शनिवारी ती न्हाऊन आली, चूल सारवली, परातीत पीठ चाळायला बसली. तिला सांगणं मला भाग होतं, कारण दुसरं कोणी सांगणार नव्हतं. मी परातीवर आडवा हात धरला आणि नको अशी खूण केली. तिला वाटलं मी गंमत करते आहे. मी पुन्हा केली. मग परात ओढून घेतली.

पाव, कारभारी, बैठक, यांतलं काही आमच्या खुणांत नाही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं कधी पाहिलं नव्हतं, पिठाच्या हातांनी मला ढकलून स्वयंपाकघराबाहेर काढलं आणि आतून कडी लावली. रविवारी कारभारी दारात भेटला तेव्हा ती त्याच्याकडे बघून हसली. माझ्या शेजारी बसली नाही.