रेषेवरून चालता येत नाही, गाडी चालवता येते

"टाचेला अंगठा टेकवत या पट्टीवरून चालत या," न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले. न्यूरॉलॉजिस्ट म्हणजे मेंदू आणि नसांचे डॉक्टर. त्यांच्या तपासणीच्या खोलीत फरशीवर निळी पट्टी चिकटवलेली होती. मी तिसऱ्या पावलाला तोल जाऊन भिंतीला टेकले. त्यांनी एमआरआयची फिल्म दिव्यावर लावली, दोन पांढऱ्या ठिपक्यांवर पेन ठेवलं आणि म्हणाले, "मल्टिपल स्क्लेरोसिस. एमएस."

वायरीवर प्लास्टिक असतं तसं नसांवर एक वेष्टण असतं. या आजारात शरीर स्वतःच ते कुरतडतं. मी कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये कॉम्प्युटरच्या चिप तपासायचं काम करते, त्यामुळे वेष्टण गेलं की काय होतं हे मला समजावून सांगावं लागलं नाही. आधी डाव्या पायाला मुंग्या येत होत्या, मग पाय लाकडासारखा वाटायला लागला. मी चपला बदलल्या, गादी बदलली, योगाचा क्लास लावला. तुम्ही एवढा वेळ घालवू नका. सरळ डॉक्टरकडे जा.

निदानानंतरचा त्रास म्हणजे स्पास्टिसिटी. रात्री पायाचे स्नायू आपोआप आवळतात आणि सुटत नाहीत. त्यावर बॅक्लोफेन नावाची गोळी दिली. पाय सैल झाला, पण मीही सैल झाले. मीटिंगमध्ये डोळे मिटायला लागले. गोळी कमी केली की पाय परत आवळायचा. असं वर्षभर चाललं.

मग एका भेटीत डॉक्टर म्हणाले, "मेडिकल कॅनबिस वापरून बघायचं का?" कॅनबिस म्हणजे गांजा. मी सरळ हसले. पण कॅलिफोर्नियात डॉक्टरांनी शिफारस केली तर तो घेता येतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने मात्र अजूनही मुळीच नाही. आम्हाला इथलं नागरिकत्व मिळालेलं होतं म्हणून मी हो म्हणाले. तुम्ही व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असाल तर डॉक्टरांच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

मी ओढला नाही. झोपताना जिभेखाली अर्काचे थेंब. पहिल्याच रात्री पाय सुटला! सकाळी उठून मी स्वयंपाकघरात गेले, चहा टाकला आणि मग लक्षात आलं की भिंत न धरता आले. नवऱ्याला, मिलिंदला, हाक मारून दाखवलं. तो दात घासत होता, तसाच टाळ्या वाजवायला लागला.

नियम मी स्वतःच घालून घेतला. थेंब रोज घ्यायचे नाहीत, आणि घेतले की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. औषधाची नशा अंगात असताना गाडी चालवणं गुन्हा आहे, डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी, आणि ते योग्यच आहे. अडचण वेगळी आहे. दारू रक्तात किती चालते, याचा कायद्यात आकडा आहे. यासाठी आकडा नाही. मग पोलिस काय करतात, ते मला एका रविवारी दुपारी कळलं.

सासूबाई नागपूरहून आल्या होत्या. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. आम्ही दोघी भाजी घेऊन येत होतो. शेवटचे थेंब मी शुक्रवारी रात्री घेतले होते. मागे पोलिसांच्या गाडीचे निळे-लाल दिवे लागले. माझा टेललाइट गेला होता, एवढंच कारण. मी गाडी कडेला घेतली आणि हात स्टिअरिंगवर ठेवून बसले, अमेरिकेत बसतात तशी.

"शुभदा, अगं उतर ना," सासूबाई म्हणाल्या. "तो उन्हातून चालत येतोय आणि तू राणीसारखी बसून राहणार?"

"आई, इथे उतरत नाहीत."

"दोन शब्द गोड बोललं की सोडतात. उतर!"

आणि मी उतरले. इतकी वर्षं इथे राहून. घरात ज्यांच्यासमोर आपण पाय पसरून बसत नाही, त्यांनी उतर म्हटल्यावर हात दाराकडे आपोआपच गेला. बराच वेळ बसल्याने डावा पाय ताठला होता. मी दाराला धरून झोकांडी खाल्ली. ऑफिसर ओरडला, "गाडीत बसा!" पण त्याने झोकांडी पाहिली होती.

त्याने विचारलं, काही प्यायलात का? काही घेता का? मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात पलीकडून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, "ऑफिसर, शी इज अ पेशंट. डॉक्टर हॅज गिव्हन हर गांजा. ओन्ली ॲट नाइट!"

त्याने मला रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर उभं केलं. टाचेला अंगठा टेकवत चाला. मी म्हणाले, "मला एमएस आहे, ही टेस्ट मी पास होऊच शकत नाही." तो म्हणाला, "प्रयत्न करा, मॅम." तिसऱ्या पावलाला मी रेषेबाहेर. इथे टेकायला भिंतही नव्हती. मग एका पायावर उभं राहायचं होतं. ते तर विचारूच नका.

हातकड्या निघाल्या तेव्हा सासूबाई काच खाली करून मराठीतच कडाडल्या, "अरे, हातकड्या कशाला? ती पळणार कुठे? चालता येत नाही म्हणूनच धरलीस ना तिला!"

रक्त घेतलं, ठसे घेतले, संध्याकाळी मिलिंद न्यायला आला. घरी सासूबाई जेवल्या नव्हत्या. "मी खरं तेच बोलले ना गं?" त्यांनी विचारलं. "हो आई," मी म्हणाले. "पण त्याने मला विचारलं होतं." त्या हसल्या नाहीत, मी मात्र हसले. वरण गरम केलं आणि आम्ही दोघी जेवलो.

आता धोक्यात होतं ते लायसन्स. ऑफिस, डॉक्टर, वाणसामान, सगळं गाडीवर. मिलिंद निम्मा महिना बाहेरगावी. डावा पाय आजारी, पण ऑटोमॅटिक गाडीला लागतो उजवा, आणि तो ठणठणीत होता. नुसतं घरी बसवलं असतं तर आजारापेक्षा त्यानेच मला लवकर संपवलं असतं.

रक्तात गांजाचा अंश निघाला. आम्ही केलेले वकील म्हणाले, तो बरेच दिवस राहतो. औषध घेतल्याचं त्यातून कळतं, गाडी चालवताना नशा होती का, ते कळत नाही. माझ्याविरुद्ध उरली ती रेषा. मी न्यूरॉलॉजिस्टकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि खुर्ची मागे ढकलून हसले.

"याला टँडम गेट म्हणतात. तोल तपासायची चाचणी. त्यांनी तुमची परीक्षा घेतली ती माझीच! माझ्याकडे तुम्ही दर वेळी नापास होता. थेंब सुरू करायच्या आधीपासून."

माझ्या फाइलीत प्रत्येक भेटीची नोंद होती. ती सरकारी वकिलांकडे गेली आणि खटला भरलाच गेला नाही. पण लायसन्सच्या ऑफिसने कळवलं, पुन्हा गाडी चालवून दाखवा.

मला हेच तर हवं होतं! चाला नका म्हणू, चालवा म्हणा.

तीन शनिवार मी सराव केला. मागच्या सीटवर सासूबाई. "आरसा. खांदा. मग सिग्नल. वेग बघ, वेग!" शाळा सुटली तरी मुख्याध्यापिका सुटली नव्हती. परीक्षेच्या दिवशी त्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसल्या. तपासनीस बाईंनी मला शाळेच्या गल्लीतून, फ्रीवेवरून, उलट पार्किंगमधून फिरवलं. चेहऱ्यावर काही दिसेना. परत आल्यावर म्हणाल्या, "ब्रेक फार मऊ लावता. माझ्या नवऱ्याला शिकवा."

मी बाहेर आले आणि दुरूनच अंगठा दाखवला. सासूबाईंनी बाकावरून उठून अख्ख्या पार्किंग लॉटसमोर टाळ्या वाजवल्या.

तुमच्यापैकी कुणी याच औषधावर असेल तर थेंब आणि किल्ली यांच्यात भरपूर अंतर ठेवा. तोल जात असेल तर तसं डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि ते गाडीत ठेवा. पोलिसाने थांबवलं तर बसून राहा, शेजारी कोणीही असो. मी डॉक्टरांची ऋणी आहे, कारण ते फाइल नीट लिहितात. आणि सासूबाईंची. आता मागे पोलिसाची गाडी दिसली की त्या आपला सीटबेल्ट तपासतात आणि ओठ घट्ट मिटून घेतात.

गेल्या महिन्यात पुन्हा तपासणी होती. निळी पट्टी तिथेच होती. तिसऱ्या पावलाला मी भिंतीवर. "नापास," डॉक्टर म्हणाले. "नोंद नीट करा," मी म्हणाले, पर्समधून किल्ली काढली आणि गाडी चालवत घरी आले.