दादाला शोभेल अशी टोपी

तुम्ही हसणार हे धरूनच सांगतो. फक्त चहा हातात असेल तर आधी खाली ठेवा. माझ्या तोंडून एरवी फार शब्द निघत नाहीत. त्या दिवशी जे दहा-बारा निघाले, त्यांनी माझंच लग्न मोडायची वेळ आणली होती. आणि सुरुवात कुठून? एका टोपीपासून!

माझं लग्न मे महिन्यात ठरलं. मुलगी चऱ्होलीची, नाव शीतल. आम्ही मोशीचे, पण नातेवाईक चाकणच्या पलीकडे गावोगाव पसरलेले. घरी जाऊन, पत्रिकेला हळदकुंकू लावून बोलावलं नाही, तर आमच्यात वर्षभर रुसवा चालतो. बाबांनी सगळी रजा लग्नासाठी राखून ठेवलेली, त्यात त्यांची फर्स्ट शिफ्ट. म्हणून पत्रिका वाटायला मी आणि दादा निघणार होतो. मोटरसायकलवर, भर उन्हात.

दादाला टक्कल पडलंय. चौतिसाव्या वर्षी! डाव्या कानावरचे केस वाढवून तो डोक्यावरून थेट उजव्या कानापर्यंत नेतो. घरात यावर कोणी बोलत नाही. नववीतून शाळा सोडून मी बसून होतो, तेव्हा हाताला धरून मला कंपनीत नेलं ते दादानंच. मग मी तर नाहीच बोलणार. पण त्या टाळूला ऊन लागू नये, एवढं मनापासून वाटत होतं.

मी क्वालिटीत आहे. तपासल्याशिवाय पार्ट पुढे सोडायचा नाही, ही सवय. टोपीही तशीच तपासली. आधी जाळीची कॅप आणली. दादा तासभर फिरून आला, तर टाळूवर लाल चौकोनांची नक्षी! मग मागे पट्टा असलेली आणली. पट्ट्यावरच्या फटीतून ऊन शिरून डोक्याच्या मागे अर्धा चंद्र उगवला. शेवटी पिंपरीच्या बाजारात रुंद काठाची सुती टोपी मिळाली. हनुवटीखाली बांधायला दोरी.

"घेऊन जा भावा," दुकानदार म्हणाला, "ह्यात ऊन घुसलं तर टोपी परत आण."

टोपी पास झाली. पण नवाच लोचा. टोपी काढली की ते लांब केस घामानं तिला चिकटून उठायचे आणि कानावर भिजलेल्या झेंड्यासारखे लोंबायचे.

"पाहुण्यांच्या घरात टोपी काढावीच लागणार रे," दादा तोंड पाडून म्हणाला.

मी धीर केला. "दादा, सगळंच काढून टाकलं तर?"

त्यानं लोंबणारे केस कानामागे सारले. "तुला बरं वाटेल ना? तुझं लग्न आहे."

"हो."

तेवढ्यावर तो उठला. न्हाव्यानं वस्तरा हातात घेऊन विचारलं, "घरी काही झालंय का राव?"

मी म्हणालो, "नाही, टोपी बसवायचीय."

डोकं गुळगुळीत झालं. पण त्याखाली दादाची मिशी फार जड दिसायला लागली. मी म्हणालो, "तीपण काढा."

आता तुम्ही म्हणाल, डोकं आणि मिशी एकाच दिवशी कधी उतरते, हे एवढ्या मोठ्या घोड्याला कळू नये? आईनंही हेच विचारलं. "बाप धडधाकट असताना, लग्नघरात हे काय करून आणलंस?" थोडी रडली. मग म्हणाली, "जाऊ दे, येतील परत." बाबांनी मात्र दादाच्या डोक्यावरून हात फिरवला. "फिनिशिंग चांगलंय," म्हणाले. पिंपळे गुरवात पोरं हौसेनं गोटा करून फिरतात, त्यात काय एवढं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दोन दिवसांनी निघालो. पहिलं घर बाबांच्या मावसबहिणीचं, काशीआत्याचं. दादा टोपी काढून अंगणातल्या हौदावर तोंड धुवायला गेला. मी आत एकटा. आत्यानं दारातून त्याच्याकडे पाहिलं आणि मटकन खाली बसली.

"कधी रं झालं हे, संतू?"

दादाच्या डोक्याचं विचारतेय, हे उघडच होतं. पण त्या विषयाचं नाव घ्यायची मला सवयच नाही. "परवा सकाळी," मी हळूच म्हणालो.

"आमास्नी कळवलं बी न्हाई?"

हे कळवायचं असतं? मोठ्यांचा मान असेल, म्हटलं. "घाईत झालं, आत्या."

"लई तरास झाला का?"

"नाही. बसल्या जागी. दहा मिनिटांत."

तिनं पदर डोळ्याला लावला. दादाच्या केसांवर हिचा एवढा जीव होता? मलाही भरून आलं. मी मान खाली घातली.

"आन् तुजी आई?"

"रडली थोडी. आता म्हणते, जाऊ दे, येतील परत."

"आगं माजे माय!" आत्या कपाळावर हात मारून म्हणाली. "बिचारीच्या डोस्क्यावर परिणाम झाला गं!"

मला हे जरा जास्तच वाटलं. पण बोलणार कोण? तिनं पत्रिका घेतली नाही, कुंकवाचा करंडाही उचलून आत नेला. दादा तोंड पुसत आला, तर त्याला पोटाशी धरून रडली. बाहेर पडल्यावर दादा म्हणाला, "किती माया आहे रे या माणसांत!"

पुढच्या दोन घरांतही तेच. आम्ही पोचायच्या आधी फोन पोचलेला. पत्रिकेकडे कोणी बघेना. एका म्हाताऱ्यानं दादाचे हात धरले आणि "आता तूच मोठा" म्हणून सोडले.

चौथ्या गावाला जाताना शीतलचा फोन आला. मी दादाला गाडी थांबवायला लावली. ती रडत होती.

"तुमचे बाबा गेले, आणि मला दुसऱ्यांकडून कळतंय? पप्पा तुमच्याकडेच निघालेत. लग्न वर्षभर पुढं ढकलायचं म्हणतात. काहीतरी बोला ना!"

माझ्या तोंडून हुंकारही निघाला नाही. तिला ते उत्तरच वाटलं. तिनं फोन ठेवला.

हसू नका. त्या क्षणी मला टोपी आठवली नाही, न्हावी आठवला नाही. मला आठवलं की बाबा प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या अवजड मशीनवर काम करतात. दादानं त्यांना फोन लावला. बंद. शिफ्टमध्ये फोन लॉकरमध्येच असतो, हे दोघांनाही माहीत. पण अशा वेळी माहीत असलेलं काही कामाला येतं का? आईचा फोन लावला. व्यस्त. पुन्हा व्यस्त.

मोशीपर्यंत दादा एकच वाक्य बोलला. "मी आधीच मुंडण करून बसलो रे."

मी पत्रिकांची पिशवी छातीशी धरून मागे बसलो होतो. बाबांशी शेवटचं नीट कधी बोललो, ते आठवत होतो. आठवेना. मी कोणाशीच नीट बोललो नव्हतो.

घरासमोर चपलांचा ढीग. आत बायका, पुरुष, शीतलचे वडील. जीप करून काशीआत्या आमच्या आधी हजर. मधोमध आई ओरडत होती, "अहो, ते कामावर गेलेत!" आणि आत्या तिला थोपटत होती, "व्हय गं बाई, कामावरच गेल्यात."

एवढ्या माणसांत आई एकटी ठाम होती. पण दारात मी ओक्साबोक्शी रडताना दिसलो, आणि तिचाही धीर सुटला. मग जो हंबरडा उठला, विचारू नका!

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कंपनीची बस थांबली. युनिफॉर्ममध्ये, हातात डबा घेऊन, बाबा चालत आले. दारात मी होतो. त्यांनी गर्दी पाहिली, दादाचं डोकं पाहिलं, माझ्या खांद्यावर हात ठेवून हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं रे?"

काय सांगणार? मी खरं ते सांगितलं. "तुम्ही."

पुढचा अर्धा तास मला सगळ्यांसमोर तोंड उघडावं लागलं. "परवा सकाळी", "बसल्या जागी", "येतील परत", सगळं. बाबा पायरीवर बसून ऐकत होते. शेवटी चपलांकडे बघत म्हणाले, "बरीच माणसं आली की माझ्यासाठी." मग शीतलचे वडील उठले. "लग्न ठरल्या दिवशीच होईल," म्हणाले. "उरलेल्या पत्रिका मात्र व्याही वाटतील. माणसं डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाहीत."

संध्याकाळी शीतलचा पुन्हा फोन. आधी मनसोक्त हसली. मग विचारलं, "आत्यांना 'दादाचे केस' एवढे दोन शब्द का नाही सांगितले हो?"

ते दोन शब्द मी कित्येक वर्षं गिळत आलोय, दादाला लागू नये म्हणून. हे तिला सांगायचं होतं. जुळवाजुळव करेपर्यंत ती म्हणाली, "ऐकताय ना? निदान माझ्याशी तरी बोलत जाल ना?"

मी अगदी मनापासून मान हलवली. बराच वेळ हलवत होतो. मग लक्षात आलं, फोनवर ती दिसत नाही.