बुडबुड्याला प्लॅन्युला म्हणणारे

जेलिफिश आणि पोवळ्यांच्या अळीला प्लॅन्युला म्हणतात. जेमतेम डोळ्याला दिसेल एवढी, अंगभर बारीक लव. समुद्रात पोहत राहते, खडक पसंत पडला की चिकटते. मग जागा बदलायची सोय नाही. सांगलीच्या कॉलेजात आम्हाला हे शिकवणाऱ्या सरांनी समुद्र पाहिला असलाच तर सहलीत, भेळ खाताना. अळी त्यांनी कधी पाहिली नव्हती आणि पाहायची हौसही नव्हती.

प्रयोगशाळेत तिची एकच स्लाइड होती, कोपरा उडालेली. सत्तरच्या दशकातल्या आमच्या वर्गाची रीत अशी की सूक्ष्मदर्शकात डोकवायचं नाही, काच ओळखायची. कोपरा उडालेली ती प्लॅन्युला, शाईचा डाग पडलेली ती ओबेलिया. सरच सांगत, "डोळे कशाला फोडून घेता? खुणा पाठ करा." असल्या माणसाला सर म्हणताना अजून माझी जीभ अडखळते.

आमचं घर रहिमतपूरचं, उसाचं. वडील फौजेतून हवालदार होऊन परतलेले. त्यांनी मला एकाच अटीवर शिकायला पाठवलं होतं: नापास झालीस की शिक्षण बंद आणि लग्न.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मी सूक्ष्मदर्शकात खरोखरच बघितलं. अळी केव्हाच विरून गेली होती. उरला होता हवेचा एक बुडबुडा. मी तेच लिहिलं. बाकीच्यांनी प्लॅन्युलाच्या सुबक आकृत्या काढल्या. तोंडी परीक्षेत मी बाहेरून आलेल्या परीक्षकांना म्हणाले, "सर, एकदा बघा तरी." त्यांनी काचेकडे नाही, आमच्या सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "प्लॅन्युलाच आहे. मुलगी जरा आगाऊ आहे." दोघं हसले आणि चहाला गेले. एवढे शिकलेले दोन बाप्ये, आणि एकालाही मान वाकवायला जमलं नाही!

मी प्रॅक्टिकलला नापास झाले. घरी येऊन वडिलांना सगळं सांगितलं. लढाईत गोळ्या खाल्लेला माणूस, मला त्यांची भारी घमेंड होती.

"तू खोटं बोलत न्हाईस, ठावं हाय मला," ते म्हणाले.

"मग चला की आबा सांगलीला. त्यांना बघायला लावा."



"सायबाला बघा म्हनून कसं सांगायचं, पोरी?"

मेढ्याचं स्थळ आलेलंच होतं. होकार कळवायला ते त्याच दुपारच्या एसटीनं गेले.