साडेनऊची गाडी

तळेगावच्या आमच्या मराठी शाळेत त्र्यंबकमास्तर कवाईत शिकवायचे, आणि त्यांच्याकडे पाहून ते कोणालाही खरं वाटायचं नाही. किडकिडीत हातपाय, जाड चष्मा, टोपी कायम एका कानाकडे कललेली. गावातले पैलवान त्यांना पाहून हसायचे, आणि मास्तरही त्यांच्याबरोबर हसायचे. मला मात्र राग यायचा. त्या वयात मला कशाचाही राग यायचा. वर्गातली सगळ्यात जाडी मुलगी मीच होते आणि कवाईतीच्या तासाला माझं पोट हमखास दुखायचं.

त्यांच्या आधीच्या मास्तरांची कवाईत म्हणजे रांग, आरोळ्या आणि छडी. ज्याला जमेल त्यानं करावं, बाकीच्यांनी भिंतीला टेकून उभं राहावं. भिंतीशी आमचं तिघांचं ठाणं ठरलेलं होतं. मी, एका पायानं अधू असलेला गेणू आणि स्टेशनवरच्या गुलजार हमालाची बिस्मिल्ला. बिस्मिल्लाला आठव्या वर्षी सांध्यांचा ताप आला होता. ताप गेला, पण तिचं काळीज दुबळं करून गेला. चार पावलं धावली की तिचे ओठ निळे पडायचे.

त्र्यंबकमास्तर १९३५ साली आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा तिघांना भिंतीपासून उठवलं. त्यांची रीत वेगळी होती. वर्षाला एकच मोठं काम घ्यायचं, ते सगळ्या वर्गानं मिळून तडीला न्यायचं, आणि त्यात ज्याच्या अंगाला जे झेपेल ते त्यानं शोधायचं. पहिल्या वर्षी आम्ही शाळेमागे कुस्तीचा हौद केला. मारुती नावाचा धटिंगण मुलगा होता, त्यानं खणलं. गेणूनं बसून माती चाळली. ती तुडवायला मी होते. माझं वजन जन्मात पहिल्यांदाच कोणाच्या तरी उपयोगी पडलं. मातीत ताक, तेल, हळद किती पडायला हवं ते बिस्मिल्ला बघायची, आणि तिनं नको म्हटलं की मारुतीसुद्धा हात मागे घ्यायचा.

दुसऱ्या वर्षी मास्तर म्हणाले, लोहगड चढायचा. सगळ्यांनी. कोणी आधी पोचणार नाही आणि कोणी मागे राहणार नाही.

त्यासाठी आम्ही जूनपासून गावाबाहेरच्या टेकडीवर सराव करू लागलो. प्रश्न होता थांबायचं कुठे. मारुतीला थांबायचंच नसायचं आणि मला दहा पावलांवर थांबावंसं वाटायचं. मास्तरांनी आपलं खिशातलं घड्याळ बिस्मिल्लाच्या हातात दिलं आणि सांगितलं, तुझा दम जिथे संपेल तिथे सगळा वर्ग थांबेल. ती पावलं मोजायची, थांबली की मनगटावर बोट ठेवून नाडी मोजायची, आणि वहीत लिहायची. जूनमध्ये तिला वीस पावलांवर थांबावं लागायचं. दिवाळीपर्यंत ती साठावर गेली. त्या वहीतून तिनं गडाचे थांबे आखले. कुठे पाणी प्यायचं, कुठे बसायचं, कुठे नुसतं उभं राहायचं. माझ्या शेजारी बसून ती मला ते थांबे पाठ म्हणून दाखवायची, आणि मी वैतागायचे. गडाशिवाय तिला दुसरं काही सुचतच नव्हतं. आयुष्यात आपणही सगळ्यांबरोबर कुठेतरी पोचू, असं तिला पहिल्यांदा वाटलं होतं.

निघायच्या आठ दिवस आधी ती टेकडीवर चक्कर येऊन पडली. मास्तरांनी तिला पाठीवर घेऊन खाली आणलं. डॉक्टर म्हणाले, गड चढवाल तर पोर वरच राहील, जिवंत खाली यायची नाही. हेडमास्तरांनी मास्तरांना खोलीत बोलावून दार लावलं. आत काय झालं ते कळलं नाही, पण बाहेर आले तेव्हा मास्तरांचा चेहरा उतरला होता. पोरीसाठी ते किती घाबरले होते आणि नोकरीसाठी किती, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही असेल. माणूस काही देव नसतो.

पण त्यांनी तिला स्पष्ट नाही म्हणायला हवं होतं. ते त्यांना जमलं नाही. सहा महिने जिच्या दमावर वर्ग चालवला, तिला तोंडावर नाही कसं म्हणायचं? ती घरी झोपून होती त्या दिवशी त्यांनी आम्हाला सांगितलं की गाडी सकाळी सहाची आहे. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बिस्मिल्लाला मी साडेनऊची सांगणार आहे. तिच्या जिवाला जपायचं आहे. कोणी बोलू नका."

कोणी बोललं नाही. आदल्या संध्याकाळी ती आमच्या दारात आली. डोक्याला तेल लावून घट्ट वेणी घातली होती. मला म्हणाली, "पद्मजा, साडेनऊचीच ना गं? मास्तर घाईत व्हते, मी नीट ऐकलं का न्हाई कुनास ठाऊक."

मी मान हलवली. हो म्हणाले नाही, नुसती मान हलवली. पुष्कळ वर्षं मी यातच आपली सुटका शोधत होते.

आम्ही सहाच्या गाडीनं मळवलीला उतरलो आणि भाज्यावरून गड चढलो. बिस्मिल्लाची वही मास्तरांच्या हातात होती. तिनं जिथे थांबा लिहिला होता तिथे आम्ही थांबलो. मारुतीला धापही लागलेली नसायची, तरी तो मुकाट्यानं बसायचा. गेणू त्या थांब्यांच्या जोरावर शेवटच्या दरवाज्यापर्यंत स्वतःच्या पायानं गेला. मीही गेले. वर कोणी ओरडलं नाही, कोणी नाचलं नाही. मास्तर म्हणाले, डबे सोडा. आम्ही जेवलो आणि उतरलो.

संध्याकाळी तळेगावला गाडी थांबली तेव्हा बिस्मिल्ला फलाटावरच्या बाकावर बसली होती. मांडीवर भाकरीचं फडकं तसंच बांधलेलं. सकाळी नवाच्या आधी आली होती ती, आणि दिवसभर तिथून हलली नव्हती. आम्हाला पाहून उठली. रडली नाही. खाली बघत म्हणाली, "गुरुजी, मला उशीर झाला."

त्या क्षणी मास्तरांनी बोलायला हवं होतं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे. पुढच्या वर्षी जाऊ."

मग तिनं विचारलं, थांबे बरोबर पडले का. मास्तरांनी सांगितलं, अगदी बरोबर पडले. तिला आनंद झाला. तो आनंद मला बघवेना, म्हणून मी तिच्याशी न बोलताच घरी निघून गेले. पुढेही मी तिच्याशी नीट बोलले नाही. खोटं आपण बोलायचं आणि रागही आपणच धरायचा, असली मी.

पुढचं वर्ष आलं नाही. होळी झाली आणि बिस्मिल्ला गेली. गड न चढता, घरात, अंथरुणावर.

चौथ्या दिवशी मास्तर गुलजारभाऊंच्या घरी निघाले, तेव्हा मी आईला न सांगता त्यांच्या मागे गेले. स्टेशनमागे दोन खोल्यांचं घर होतं त्यांचं. गुलजारभाऊ उंबऱ्यात बसले होते. त्यांनी मास्तरांना बसायला घोंगडी टाकली, मला पाणी दिलं, आणि आपणहून लेकीबद्दल बोलू लागले. म्हणाले, गडाच्या दिवसापासून पोर रोज पहाटे चारला उठून वेणी घालून बसायची. कशाला उठतेस म्हणून विचारलं तर म्हणायची, सवय लावून घेते, पुढच्या खेपेला उशीर नको व्हायला. ताप चढलेला असला तरी उठायची.

मास्तर ते ऐकत राहिले. मग चष्मा काढून हातात धरला आणि म्हणाले, "गुलजारभाऊ, तिला उशीर झाला नव्हता. गाडी सहाची होती. साडेनऊची मी सांगितली."

गुलजारभाऊंनी घोंगडीची सुरकुती हातानं सरळ केली.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "सा'च्या गाडीला मी फलाटावरच व्हतो. तुमी पोरं मोजून डब्यात चढवत व्हता. घर काय लांब न्हाई, पळत जाऊन आनली असती तिला. न्हाई आनली. मला बी तिच्या काळजाचं भ्या वाटलं. आन् ती सांजच्याला घरी येऊन म्हनली, अब्बा, माझंच चुकलं. म्या म्हनलं, व्हय बाळा, चुकलं तुजं."

मला तिथेच ओरडून सांगावंसं वाटलं की मीही मान हलवली होती. सांगितलं नाही. दोन मोठी माणसं समोर खाली मान घालून बसली होती, आणि माझ्याकडे कोणाचं लक्षही नव्हतं.

मास्तर उठायला लागले तसे गुलजारभाऊ म्हणाले, "एक इचारायचं व्हतं, गुरुजी. गडावरनं आपलं तळेगाव दिसतं का? ती मला सारखी इचारायची. म्या कदी गेलो न्हाई वर. म्हनलं, गुरुजींनाच इचार की. तर म्हनायची, उशीर मीच केला, आता कंच्या तोंडानं इचारू."

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"नाही दिसत," ते म्हणाले. "विसापूरचा गड आड येतो." आणि गुलजारभाऊंचा हात धरून ते तिथेच पुन्हा खाली बसले.