बाईंच्या गळ्यातला माइक

लेक चौथीत गेली तेव्हा तिचा बाक मागे गेला. उंची भराभर वाढली होती आणि शाळेत बसायची जागा उंचीवर ठरायची. तिला जन्मापासून कमी ऐकू येतं. दोन्ही कानांत यंत्रं आहेत. पुढच्या बाकावर बसून, बाईंच्या ओठांकडे बघत तिसरीपर्यंत निभावलं. मागून मात्र पंखा ऐकू यायचा, रिक्षांचे हॉर्न ऐकू यायचे, बाई तेवढ्या ऐकू यायच्या नाहीत. शुद्धलेखनात बाई ‘माती’ म्हणाल्या की हिच्या वहीत ‘पाती’. सहामाहीला प्रगतिपुस्तकावर शेरा आला : लक्ष देत नाही.

मी नाशिकरोडला घरीच शिवणकाम करते. नवरा इगतपुरीला रेल्वेत, त्याच्या पाळ्या बदलत्या, म्हणून शाळेचं सगळं माझ्याकडे. शेरा वाचला आणि मशीनवरचं ब्लाउज तसंच सोडून शाळा गाठली.

मुख्याध्यापिका माणूस म्हणून वाईट नव्हत्या. चहा मागवला. म्हणाल्या, “ताई, मुलगी गोड आहे हो तुमची. पण आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही. विशेष शाळेत तिची जास्त काळजी घेतील.”

“काळजी मी घेते, मॅडम. तुम्ही तिला शिकवा.”

चहा तसाच राहिला.

तिचे कान तपासणाऱ्या डॉक्टरांनी उपाय सांगितला. बाईंनी गळ्यात एक छोटा माइक घालायचा. त्यांचा आवाज थेट हिच्या यंत्रांत जातो. माइक आम्ही आणला, पण शाळेनं तो घालायला नकार दिला. कुणीतरी म्हणालं, त्यात रेकॉर्डिंग होतं. मी समजावलं, पुन्हा समजावलं, मग महापालिकेच्या शिक्षण विभागात गेले. विशेष मुलांचं काम बघणाऱ्या मॅडम तिथे कधी दौऱ्यावर, कधी मीटिंगला. मी काजं-बटणांचं काम पिशवीत घालून न्यायचे आणि बाकड्यावर बसून करत राहायचे. शेवटी त्या भेटल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, “हा तिचा हक्क आहे, कुणाची मेहरबानी नाही. तुम्ही लेखी द्या. मी स्वतः येते.”

आणि खरंच आल्या. वर्गशिक्षिका बाई निवृत्तीला टेकलेल्या होत्या. म्हणाल्या, “इतकी वर्षं शिकवतेय, गळ्यात पट्टा अडकवून कधी शिकवलं नाही.” मी माइक मुख्याध्यापिकांच्या हातात दिला. लेकीला वर्गाच्या दुसऱ्या टोकाला, पाठमोरं उभं केलं. मुख्याध्यापिका अगदी हळू बोलल्या, “बाळ, आज डब्यात काय आणलंस?”

“मेथीचा पराठा,” ती भिंतीकडे बघतच म्हणाली.

महिनाभर वापरून बघू, असं ठरलं. बाकही पुढे आला, भिंतीच्या कडेला, म्हणजे मागच्यांना तिच्या उंचीचा त्रास नको.

काही दिवसांनी ती शाळेतून आली आणि दप्तर काढता काढता तिनं विचारलं, “आई, गळणार म्हणजे काय?”

“कुठे ऐकलंस?”

मधल्या सुट्टीत बाई माइक बंद करायला विसरल्या होत्या. शिक्षकांची खोली वर्गाला लागूनच. बाई म्हणाल्या होत्या, “त्या आईनं माझ्या गळ्यात घंटा बांधलीय नुसती. पुढे आठवी-नववीत शाळेतून गळणारच आहे ती पोरगी, कशाला एवढा खटाटोप!”

माझ्या अंगाची लाही झाली. चपला घालायला लागले, तर हिनं माझा हात धरला. “तू येऊ नकोस. तू भांडलीस की बाई माइक काढून ठेवतील. मीच सांगते त्यांना.”

ती रात्र मी कशी काढली, माझं मला माहीत. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना बाई स्वतः फाटकापर्यंत आल्या.

“तुमची मुलगी मला म्हणाली, बाई, डबा खायला जाताना बटण बंद करत जा, मला सगळं ऐकू येतं. मग मी विचारलं, काय ऐकलंस? तिनं सगळं बोलून दाखवलं. एक शब्द चुकला नाही हो.”

आदल्या दिवशी मला बरंच बोलायचं होतं.

“मी तसं बोलायला नको होतं,” त्या म्हणाल्या.

“बोललात ते बोललात, बाई. आता शुद्धलेखनाचं काय करायचं ते ठरवू.”

तिथेच उभ्या उभ्या ठरलं. शुद्धलेखन सांगताना फळ्याकडे तोंड करायचं नाही, आणि प्रत्येक शब्द वाक्यात घालून सांगायचा. वार्षिक परीक्षेत तिचे मराठीचे गुण वाढले. फार नाही, पण ‘लक्ष देत नाही’ हा शेरा पुन्हा आला नाही. बाई निवृत्त झाल्या तेव्हा माइक कसा लावायचा, कधी बंद करायचा, हे पाचवीच्या सरांना त्यांनीच शिकवलं.

सगळेच तसे भेटले नाहीत. दर जूनला नवे शिक्षक, नव्यानं समजावणं. एका सरांनी वर्षभर माइक खिशातच ठेवला; हिला त्यांच्या शर्टाची सळसळ तेवढी ऐकू यायची. त्या वर्षी गणिताला घरी बसून आम्ही दोघी झगडलो.

आता ती नववीत आहे. वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये दिलाय. पाऊस लागला की माइक असून नसून सारखाच. खोली बदलून मागितली आहे. नवे मुख्याध्यापक म्हणाले, “बघू.” सोमवारी पुन्हा जाणार आहे. ती म्हणाली, या वेळी मीही येते.