बाईंची अमेरिकन पोथी

आमच्या बाई इंग्रजी पुस्तक उघडायच्या आणि त्यातून घडाघडा मराठी वाचायच्या. अडखळणं नाही, शब्द शोधणं नाही. आर्णीतल्या आमच्या वस्तीतल्या बायांना कित्येक दिवस वाटायचं, की अमेरिकेतही मराठीच बोलत असतील.

बाई मुलींच्या शाळेत शिकवत. खोटं त्यांना अजिबात खपत नसे. "चुकलं तर चालेल, बनवाबनवी नको," हे वाक्य रोज एकीला तरी ऐकावं लागायचं. मायदेशी परतणारी एक नर्स त्यांना एका अमेरिकन लेखिकेची तीन पुस्तकं देऊन गेली होती. त्या लेखिकेवर बाईंचा भारी जीव. ती गव्हाच्या मुलखात वाढली, शाळेत शिकवून पोट भरलं, लग्न केलं नाही आणि आपल्याच गावच्या बायांवर कादंबऱ्या लिहिल्या, हे त्या सख्ख्या मावसबहिणीचं कौतुक सांगावं तसं सांगत. "गव्हाच्या जागी कापूस घाला, झाली आपली आर्णी," असंही म्हणत.

छप्पन साली आम्ही धम्म स्वीकारला आणि घरातल्या जुन्या पोथ्या गेल्या. पण पावसाळ्यात दुपारी जमून ऐकायची सवय कुठे जाते? पुढच्या पावसाळ्यात ती जागा आमच्या घरी बाईंच्या कादंबरीने घेतली. बायाही अशा, की पोथीचे सगळे नियम तिला लावले. मध्येच उठायचं नाही, अध्याय अर्धा सोडायचा नाही आणि समाप्तीला गोड करायचं.

कादंबरीत शेतकऱ्याची एक पोरगी शिकायला लांबच्या शहरात जाते. मी तेव्हा नुकतीच सातवी पास झाले होते. बाबांनी स्थळ पाहून ठेवलेलं, आणि बाईंना तर मला यवतमाळच्या वसतिगृहात धाडायचं होतं. बाबा ओसरीवर दोर वळत बसायचे. लक्ष नाही असं दाखवायचे, पण एक शब्द सोडायचे नाहीत.

समाप्तीच्या दिवशी मायने विचारलं, "बाई, थे पोरगी वापस आली का? मायले भेटली का?"

बाई पुस्तक मिटून म्हणाल्या, "आली. मास्तरीण होऊन आली. माय दारातच उभी होती."

बायांनी डोळे पुसले, शिरा वाटला. दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "जाऊ दे पोरीले यवतमाळले. स्थळ काय, मंग पाहू." माझा जीव भांड्यात पडला.

मी मॅट्रिकला असताना बाईंची मुकुटबनला बदली झाली. जाताना त्या वसतिगृहात आल्या आणि ते पुस्तक माझ्या हातात ठेवलं. "आता तू स्वतः वाच. आणि माझ्यावर रागावू नकोस," एवढंच बोलल्या. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

शब्दकोश घेऊन दोन महिने वाचलं. शेवटच्या पानांवर ती पोरगी गावी परतते, तेव्हा तिची माय आठ दिवसांपूर्वीच गेलेली असते. सकाळची पहिली एस.टी. धरली. माय अंगणात तूर पाखडत बसली होती. मी तिच्या गळ्यातच पडले. पुढे मॅट्रिक पास झाले तेव्हाही मला इतकं हलकं वाटलं नाही.

रडत रडत तिला सांगितलं, की बाईंनी शेवट बदलला होता. त्यांचा राग मात्र मला आला नव्हता, उलट माया दाटून आली होती.

मायचं सूप थांबलं नाही. "मले मालूम होतं," ती म्हणाली. "बाईनं पुस्तक मिटलं तवा बोटभर पानं बाकी होती. वाचता येत नाही मले, पण दिसते तं."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुहा बाप ऐकून राह्यला होता ना."