नानांच्या पगडीतलं पिल्लू

माझ्या चुलत सासऱ्यांइतका निराश माणूस साऱ्या खानदेशात दुसरा झाला नसेल. झाला असेल तर त्या दोघांची गाठ पडली नाही हे आपलं नशीब. नाहीतर दोघांनी मिळून तापीलासुद्धा वाहण्यात अर्थ नाही हे पटवून दिलं असतं. धरणगावात लहानथोर सगळे त्यांना नाना म्हणत आणि शुभकार्याला निघताना आधी नाना ओट्यावर बसलेत का ते बघत. बसलेले असले तर मागच्या बोळातून जात. कपाशी कमरेएवढी वर आली की नाना म्हणत, "अळी पडेल." अळी पडली नाही तर म्हणत, "मग भाव पडेल." लग्नाच्या मांडवात ते वरबापाशेजारी बसत आणि हलक्या आवाजात त्याचं सांत्वन करत. शेजारचे एक गृहस्थ मोठ्या दुखण्यातून उठले आणि त्यांनी घरोघर पेढे वाटले. नानांनी पेढा हातात घेतला, त्यांच्याकडे खालीवर पाहिलं, "हा ताप उलटतो," म्हणाले आणि मग पेढा खाल्ला. पण कुणाच्या घरी खरंच वाईट झालं की सगळ्यांत आधी नाना पोचत आणि सगळ्यांत शेवटी उठत. तिथे मात्र ते एक अक्षर बोलत नसत.

मी धुळ्याची. लग्न होऊन या घरात आले तेव्हा चुलत सासऱ्यांसमोर उभं राहायचीसुद्धा पद्धत नव्हती, मग बोलणं कुठलं! त्यांना काही हवं असलं की ते दाराच्या चौकटीला सांगत. "पाणी तापलं असेल तर आंघोळ उरकली असती. तापलं नसेलच. लाकडं ओली असतील." मी आतून हंडा सरकवायची. आमचं बोलणं म्हणजे एवढंच.

त्या वर्षी माझा पहिला मुलगा धुळ्याला झाला आणि बारशाच्या आतच गेला. मी रिकाम्या हातांनी सासरी परतले. सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्या माझ्याकडे बघेनाशा झाल्या. विहिरीवर एक बाई मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "पहिलटकरीण ती, तिला कुठं समजतंय मूल कसं धरायचं!" मी घागर उचलली आणि घरी आले. पण ते वाक्य माझ्याबरोबर आलं. स्वयंपाक करताना, भांडी घासताना मी माझे हातच बघत बसायची.

वैशाखात एका दुपारी वावटळ उठली आणि अंगणातल्या कडुलिंबाची मोठी फांदी कडाडून खाली आली. तिच्यात खारीचं घरटं होतं. खार फांदीखाली चिरडून मेली, दोन पिल्लं कावळ्यांनी उचलली. तिसऱ्यावर कावळा उतरणार तोच नाना ओट्यावरून धावले. नानांना धावताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बोटभर लांबीचं, बिनकेसांचं, मिटल्या डोळ्यांचं ते पिल्लू तळहातावर घेऊन ते चौकटीपाशी आले आणि म्हणाले, "हाई बी मरी जाई." हेही मरणार! एवढं सांगून त्यांनी डोक्यावरची पगडी काढली, उलटी केली, तिच्यात कापूस पिंजून घातला आणि पिल्लू आत ठेवलं.

नानांपाशी पगडी ती एकच. दुसऱ्या दिवशी ते शेळीचं दूध आणायला उघड्या डोक्यानं बाजारातून गेले. नाना उघड्या डोक्यानं दिसले म्हणजे घरात नक्की कुणीतरी गेलं, असं म्हणून संध्याकाळपर्यंत आमच्या ओसरीवर माणसं गोळा झाली. बायका पदर डोळ्यांना लावून आत आल्या. एका म्हाताऱ्यानं नानांचा हात हातात घेऊन विचारलं, "केव्हा झालं?" नाना गंभीरपणे म्हणाले, "अजून नाही. पण सकाळपर्यंत होईल." आणि त्यांनी पगडी पुढे करून पिल्लू दाखवलं. कितीतरी महिन्यांनी मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसले आणि हसता हसता रडले.

पिल्लाला म्हशीचं दूध दिलं तर त्याचं पोट फुगलं. मग शेळीचं, तेही पाणी घालून, कोमट करून, कापसाच्या वातीनं थेंब थेंब. पाजून झालं की ओल्या कापसानं त्याचं बूड हलकेच पुसायचं, तेव्हा ते लघवी करायचं; एरवी आई चाटून ते करते म्हणे. जगातल्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास नसलेले माझे चुलत सासरे ओट्यावर मांडी घालून खारीच्या पिल्लाचं बूड पुसत बसलेले सगळ्या आळीनं पाहिलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत, "आजचा दिवस काढील, उद्याचं काही खरं नाही." आणि लगेच आत ओरडत, "दूध निवलं की काय!" नाव ठेवा म्हटलं तर म्हणाले, "मरणाऱ्याला नाव कशाला?" शेवटी त्यांच्याच तोंडचं 'हाई' हेच त्याचं नाव झालं.

मग एका खटल्यात साक्षीसाठी त्यांना जळगावला जावं लागलं. त्यांनी पगडी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवली आणि उपरणं डोक्याला गुंडाळलं. नेहमीप्रमाणे चौकटीकडे बघून ते बोलू लागले, पण या वेळी थांबत थांबत. "तासा-दोन तासांनी पाजायला लागतं. त्यातून हे मेलं, तर ते मरणारच होतं. जिच्या हातात मरेल तिला या घरात कुणी बोल लावणार नाही. मी लावू देणार नाही."

ते निघून गेले तरी मी तशीच उभी होते. मग बसले आणि वात भिजवली. तिसऱ्या खेपेला दूध जास्त गेलं आणि पिल्लाच्या नाकातून फेस आला. ते काळंनिळं पडलं. मी त्याला उलटं धरलं, नाक टिपलं, पाठ चोळली, तोंडानं कुठल्या देवाला हाक मारली आठवत नाही. ते शिंकलं. एवढंसं शिंकलं आणि माझ्या बोटाला चारी पायांनी घट्ट धरून बसलं. त्यानंतर मी त्याला दिवसभर खाली ठेवलं नाही.

दिवेलागणीला नाना परत आले. ओसरीत काठी ठेवली, पण आत काही विचारीनात. चौकटीपाशी नुसतेच उभे राहिले. तेव्हा मी पद्धत मोडली. पदर सावरला आणि सरळ त्यांना म्हणाले, "नाना, जित्तं शे." जिवंत आहे!

"शे?" ते म्हणाले आणि खाली उंबऱ्यावरच बसले.

हाईला लव फुटली, पाठीवर पट्टे उमटले, डोळे उघडले. ती नानांच्या धोतरावरून चढून खांद्यावर बसायची आणि भुईमुगाच्या शेंगा सोलून टरफलं त्यांच्या कानामागे टाकायची. पुढे ती लिंबावर जायला लागली, तसे नाना दिवसभर काठी घेऊन झाडाखाली फेऱ्या घालायला लागले. मांजर, कावळे, घारी, सगळ्यांशी त्यांचं वैर झालं. सुरुवातीला ती संध्याकाळी पगडीत परत यायची. मग एक दिवस आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मांजरानं नेली की झाडांतून पुढे गेली, कुणाला कळलं नाही.

नाना ओसरीत बसून होते. मी पाणी नेऊन ठेवलं. ते म्हणाले, "प्लेगच्या साली आम्ही शेतात झोपडीत होतो. तुझी काकू आणि दोन मुलं. मी तिघांना सारखं सांगत होतो, उद्या उतार पडेल, उद्या बरं वाटेल. धाकटी तर शेवटपर्यंत विचारत होती, उद्या म्हणजे कधी?" त्यांनी पाणी घेतलं नाही. "तेव्हापासून मी कुणाला चांगलं होईल असं सांगत नाही."

पुढल्या वर्षी मी पुन्हा बाळंतपणाला धुळ्याला निघाले. नाना न सांगता स्टेशनवर आले. माझ्या पोटाविषयी घरात सगळे काही ना काही बोलले होते, एकटे नानाच बोलले नव्हते. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी नुसता हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि गार्डची शिट्टी होईपर्यंत तो काढलाच नाही.

मला मुलगी झाली. आणि तिकडे धरणगावात नाना तापानं गेले. बाळंतिणीला सांगायचं नाही म्हणून माहेरी कुणी बोललं नाही. मुलीला घेऊन घरी आले तेव्हा ओसरीतली त्यांची सतरंजी गुंडाळून ठेवलेली दिसली. सासूबाईंनी मुलीला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, मुलगी झाल्याचा निरोप पोचला तेव्हा नानांना ग्लानी होती. डोळे उघडून त्यांनी एवढंच विचारलं, "रडली का?" चांगली मोठ्यानं रडली म्हणतात, असं सांगितल्यावर म्हणाले, "मग ठीक." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

ती मुलगी आता चाळीसगावला सासरी आहे. तिचा आवाज फार मोठा आहे. ती बोलायला लागली की तिची सासू कानांवर हात ठेवते आणि माझ्याकडे तक्रार करते. मी ऐकून घेते, पण मुलीला हळू बोल म्हणून सांगणं माझ्याच्यानं होत नाही.